इतिहासाचार्य राजवाडे आणि आमच्या घरचा कागद

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व अंगाला आमचे लोणी गाव आहे. गावात बहुतेक घराण्यांची एकेक कहाणी आहे: आमचा मूळ पुरुष अमुक ठिकाणाहून आला, अमुक सरदाराच्या पदरी होता, पराक्रमाबद्दल त्याला इथे जमीन मिळाली. आमच्याही घराची अशी कहाणी आहे. आजोबांच्या तोंडून ती इतक्या वेळा ऐकली की तो घोडेस्वार पूर्वज मला डोळ्यांनी पाहिल्यासारखा वाटे. गेल्या दिवाळीत थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, घराण्याची वंशावळ छापण्याचे मनावर घेतले. मी कॉलेजात इतिहास घेतलेला, म्हणून काम माझ्याकडे आले.

लिहायला बसलो आणि पणजोबांच्या वडिलांपाशी अडलो. त्यांच्या वर नावच सापडेना. माळ्यावरच्या पेटीत मोडी लिपीतला एकच कागद निघाला, त्याचीही एक कड वाळवीने खाल्लेली. ही अडचण आमच्या सरांना सांगितली, तेव्हा त्यांनी मला राजवाड्यांचे चरित्र वाचायला दिले. त्या कागदाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. शिक्षण पुण्या-मुंबईत झाले आणि डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ हे वेदविद्येचे नामांकित पंडित. विश्वनाथरावांनी काही काळ शिक्षकी केली, 'भाषांतर' नावाचे मासिक काढले आणि प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ मराठीत आणला. पत्नी तरुणपणीच वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही, की कुठे कायमची नोकरी धरली नाही. इंग्रजी उत्तम येत असूनही लिहायचे ते मराठीतच, हे व्रत त्यांनी जन्मभर पाळले.

त्यांच्या आयुष्याला खरे वळण मिळाले ते वाईला सापडलेल्या जुन्या पत्रांमुळे. पानिपतच्या काळातील ही पत्रे त्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडात छापली. ग्रँट डफचा इतिहास आणि आपल्या बखरी यांतील मजकूर त्यांनी या अस्सल पत्रांशी ताडून पाहिला आणि बखरकारांच्या चुका दाखवून दिल्या. या मालेचे पुढे एकूण २२ खंड झाले. पाठीशी ना सरकार, ना संस्थान. गावोगाव हिंडावे, हाताने शिजवून खावे, जुन्या घराण्यांच्या दारात उभे राहून दप्तर दाखवा म्हणून विनवावे, असा त्यांचा क्रम होता.

दप्तर सहजी कोणी दाखवत नसे, आणि त्याला कारण होते. १८५२ च्या कायद्याने इंग्रजांनी इनामांची चौकशी आरंभली होती आणि तीत कितीकांची इनामे गेली होती. कागद दाखवला की जमीन जाईल, ही धास्ती लोकांच्या मनात घर करून होती. दुसरीकडे मोडी वाचणारे कमी होत चालले, तसे रुमालच्या रुमाल रद्दीत गेले. कुणाचे वाळवीने खाल्ले, कुणाचे वाण्याच्या पुडीला लागले. जे कागद त्यातून वाचले, त्यांतले पुष्कळ राजवाड्यांच्या पायपिटीमुळे वाचले. हे काम एकट्याचे राहू नये म्हणून ७ जुलै १९१० रोजी सरदार मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले.

वंशावळीच्या दृष्टीने मला त्यांची दोन कामे फार मोलाची वाटली. जयराम पिंड्ये या शहाजीराजांच्या पदरच्या कवीचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य त्यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केले आणि त्याला शहाजीराजांवर लांबलचक प्रस्तावना जोडली. १९२४ मध्ये 'महिकावतीची बखर' छापली. उत्तर कोकणात कोणती कुळे आली, त्यांची आडनावे व गोत्रे कोणती, याची हकिकत तीत आहे.

पण अशा साधनांत एक मेख असते. जुन्या काळी घराण्याची हकिकत कागदावर येई ती बहुधा वतनाच्या भांडणात. तिला करीना म्हणत. ज्याला वतन हवे तोच पूर्वज सांगणार, तेव्हा तो आपल्या सोयीचे सांगणार हे उघड आहे. म्हणून एका करीन्यावर न विसंबता सनद, महजर, नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या असे सगळे ताडून पाहावे लागते.

राजवाड्यांच्या दोषांकडेही डोळेझाक करू नये. कागद जमवताना ते जितके काटेकोर, तितकेच अनुमान करताना कधी कधी धाडसी असत. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांना मान्य झाल्या नाहीत. कायस्थ प्रभू समाजाविषयी त्यांनी जे लिहिले, त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी 'कोदंडाचा टणत्कार' हे पुस्तक लिहून सडेतोड उत्तर दिले. पूर्वजांविषयी लिहिलेली ओळ जिवंत माणसांना कशी झोंबते, हे त्या वादातून दिसते.

अखेरच्या काळात राजवाडे धुळ्यास होते. तिथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे.

कागद हरवण्याचे दुःख काही आपल्या एकट्याचे नाही. चंपू प्रसिद्ध झाला त्याच १९२२ सालच्या जूनअखेर आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनचे सरकारी दप्तरखाने जळाले. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांची बहुतेक पाने आणि चर्चच्या कितीतरी नोंदवह्या राख झाल्या. परदेशी गेलेल्या आयरिश लोकांचे वंशज आज आजोबा-पणजोबांचा माग काढतात तो उरलेल्या चर्चच्या वह्यांतून आणि शेतसाऱ्यासाठी झालेल्या जुन्या मोजणीच्या याद्यांतून. राजांचा इतिहास ग्रंथांत राहतो, पण कुळांची नावे साऱ्याच्या यादीतच सापडतात. आपल्याकडेही २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणाऱ्यांची गरज एकदम सर्वांना कळली.

आता आमचा कागद. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी तो वाचून दिला. त्यात सनद नाही, सरदार नाही, घोडा नाही. तो कर्जरोखा निघाला. शेताचा तुकडा गहाण ठेवून आमच्या पूर्वजाने धान्य घेतले होते. खाली त्याचे नाव आणि सहीच्या जागी नांगराची निशाणी. वडिलांचे नाव जिथे असायचे, नेमकी तीच कड वाळवीने खाल्लेली.

अण्णांचा चेहरा उतरला. कर्जाचे छापू नकोस, आजोबांची गोष्टच लिही, असे त्यांचे म्हणणे पडले. घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी मी त्यांच्यापुढे एक तोड ठेवली. वंशावळीचे दोन भाग करायचे. कागदावरून कळलेले वेगळे आणि ऐकीव वेगळे. आजोबांची गोष्ट दुसऱ्या भागात शब्दशः येईल. पहिल्या भागात नांगरवाल्या पूर्वजाच्या वरची जागा कोरी राहील. अण्णांनी मान डोलावली, पण मनापासून नव्हे, हे मला ठाऊक आहे.

तो कागद आता आम्ही कापडात बांधून ठेवला आहे. माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगणे, की यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची पेटी रद्दीवाल्याकडे देण्याआधी एकदा उघडून पाहा.