माशाच्या पोटात शिरलेला वकील

तुमच्यापैकी किती जणांनी मासे पकडलेत? मी एकदा मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावी नदीवर गळ टाकून अख्खी दुपार बसले होते. गळाला कणकेच्या गोळ्या. गोळ्या सगळ्या संपल्या, मासा एकही नाही! मग मामाने एकच प्रश्न विचारला, की इथले मासे खातात काय हे तू बघितलंस का? मी अर्थातच बघितलं नव्हतं. पण हाच प्रश्न आयुष्यभर विचारत राहिलेला एक माणूस इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचीच ही गोष्ट.

जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज यांचा जन्म १८५८ सालचा, न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स गावातला. वडील सैन्यात सर्जन होते. शिक्षण इंग्लंडमध्ये, विंचेस्टर कॉलेज या शाळेत झालं. या गावातून इचेन नावाची नदी वाहते. तिथेच त्यांना ट्राउट माशाचं वेड लागलं ते कायमचं. पुढे ते लंडनमध्ये वकील झाले. लग्न केलं नाही. आठवडाभर कोर्टाचे कागद आणि सवड मिळाली की नदी, असं त्यांचं आयुष्य. १८८३ पासून ते विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टन इथे इचेनवर मासेमारी करू लागले.

आता ही मासेमारी म्हणजे फ्लाय फिशिंग. यात गळाला गांडूळ किंवा कणीक लावत नाहीत. रेशमी दोरा, पिसं आणि प्राण्यांची लव बांधून गळालाच किड्याचं रूप देतात. या खोट्या माशीला वजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे ती लांब फेकता येत नाही. म्हणून दोरीच जाड आणि वजनदार ठेवतात. लवचीक काठी मागे-पुढे केली की ती वाकून ऊर्जा साठवते, दोरी पुढे झेपावते आणि माशी तिच्या मागोमाग जाते. आहे की नाही मेकॅनिक्सचा प्रॉब्लेम?

इचेनचं पाणी खडूच्या दगडातून झिरपून येतं, त्यामुळे ते काचेसारखं स्वच्छ असतं. अशा नद्यांवर त्या काळी फ्रेडरिक हॅलफर्ड यांचा शब्द शेवटचा होता. त्यांच्या पुस्तकांमुळे एक नियमच पडून गेला, की माशी पाण्यावर तरंगतीच हवी आणि ती वर आलेल्या माशालाच टाकायची. बुडणारी माशी वापरणं म्हणजे चक्क असभ्यपणा!

स्क्यूजही सुरुवातीला हेच करायचे. पण एकदा त्यांची माशी नीट तरंगेना, ती बुडाली. आणि गंमत म्हणजे ट्राउटने ती बुडलेली माशीच धरली! दुसरा कोणी असता तर नशीब म्हणून सोडून देता. स्क्यूज विचार करू लागले. मेफ्लाय जातीचे किडे पंख फुटेपर्यंत पाण्याखालीच वाढतात. त्या अवस्थेला निम्फ म्हणतात. मासा पृष्ठभागाजवळ हलताना दिसला तरी तो वरची माशी खातोय की खालचा निम्फ, हे काठावरून कसं कळणार?

त्यांनी सरळ माशाचं पोट तपासायला घेतलं. पुढे तर ते मटणाच्या नळीतला मगज काढायचा लांबट चमचा जवळ ठेवू लागले. पकडलेल्या माशाच्या पोटातलं त्या चमच्याने काढायचं, पांढऱ्या बशीत पाणी घालून पसरायचं आणि बघायचं. त्यात निम्फच निम्फ! मग ते तसेच निम्फ बांधू लागले.

त्यांच्या पद्धतीतल्या काही गोष्टी आजही नवशिक्याला उपयोगी आहेत. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो आणि वाहत येणारं अन्न टिपतो. म्हणून आपण त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या खालच्या बाजूने जायचं. वाकून चालायचं. बारावीतला क्रिटिकल अँगल आठवतोय ना? माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. आपण जितके खाली, तितके तिच्या कडेला दबलेले. निम्फ माशाच्या थोडा पुढे टाकून तो प्रवाहाबरोबर मोकळा वाहू द्यायचा. दोरीने ओढला गेला की माशाला संशय आलाच. आणि दोरीचं टोक क्षणभर थबकलं किंवा पाण्यात काही चमकलं, की काठी हळूच उचलायची.

१९१० साली त्यांचं पहिलं पुस्तक आलं. ते त्यांनी तरंगत्या माशीच्या कट्टर भक्त मित्राला अर्पण केलं होतं! १९२१ साली आलेल्या पुस्तकात माशाला कसं दिसतं याचाही विचार होता. पण भक्त काही बधले नाहीत. फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फवर वाद ठेवला गेला. स्क्यूज तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे. सभेचं वारं त्यांच्या विरुद्धच होतं. त्याच वर्षी त्यांनी ॲबट्स बार्टन सोडलं. पन्नासहून अधिक वर्षं ज्या पाण्यावर काढली, तिथे सोबत्यांनाच त्यांची पद्धत नकोशी झाली होती. त्यांना किती लागलं असेल! पण मत बदललं नाही. पुढच्याच वर्षी निम्फवर अख्खं पुस्तक लिहून ते मोकळे झाले.

१९४९ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला काही दिवस असताना ते गेले. त्यांची रक्षा इचेनच्या काठी, ॲबट्स बार्टनलाच विखुरली गेली. आज निम्फने मासेमारी जगभर चालते, तिला कोणी असभ्य म्हणत नाही.

खरं सांगू? मागच्या सेमला मी एका प्रॅक्टिकलची रीडिंग्ज सीनियरच्या जर्नलवरून जशीच्या तशी उतरवली. सही मिळाली, मार्क मिळाले. पण मीटरचा काटा खरंच कुठे थांबला होता, ते आजही मला माहीत नाही. कणकेच्या गोळ्या संपल्या, मासा नाहीच. या सेमला निदान एकदा तरी चमचा घेऊन पोटात काय आहे ते बघायचं ठरवलंय.