पुण्याच्या डॉक्टर लागूचा वृत्तांत

सन १९५६ च्या १ नोव्हेंबरास आपला परभणी जिल्हा हैदराबाद राज्यांतून निघून मुंबई राज्यांत आला. पुढें अकराच दिवसांनीं त्याच राज्यांत जें कृत्य घडलें, तें आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

अनंत चिंतामण लागू हा पुण्यांतील डॉक्टर. लक्ष्मीबाई कर्वे नांवाच्या सधन विधवेच्या घरांत तो भाड्यानें राही, व बाईंचें दुखणेंबाणें तोच पाही. बाईंस मधुमेह होता. पति निवर्तले होते, एक मुलगाहि गेला होता. अशा बाईंचा सारा भरंवसा घरच्या डॉक्टरावर बसावा, ह्यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

१२ नोव्हेंबरच्या रात्रीं, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरास प्रकृति दाखविण्याच्या निमित्तानें, लागू बाईंस आगगाडीनें घेऊन निघाला. पहांटे गोकुळदास तेजपाल रुग्णालयांत त्या आणिल्या गेल्या, त्या बेशुद्धच. लागूनें तेथें त्यांचें नांव इंदुमती असें सांगितलें. दोन प्रहरांपूर्वींच त्यांनीं प्राण सोडिला. रुग्णालयानें लागूस तार केली. तो प्रेत नेण्यास आला नाहीं. ज्यांस पुण्यांत घरदार व आप्त होते, त्या बाई परक्या नांवानें बेवारशी पडून राहिल्या! प्रेताची तपासणी २३ तारखेस झाली, तोंपर्यंत दहा दिवस लोटले होते. मरणाहूनहि हें आम्हांस अधिक क्रूर वाटतें.

इकडे बाईंच्या नांवें पत्रें येऊं लागलीं, कीं आपण पुनर्विवाह करून जयपूरकडे सुखानें नांदत आहों. तीं सारीं बनावट होतीं. दरम्यान बाईंची मालमत्ता लागूच्या हातीं जात होती. अखेर परिचितांस संशय येऊन तक्रार झाली व सन १९५८ मध्यें त्यास धरण्यांत आलें.

पेंच मात्र मोठा होता. प्रेतांत विष सांपडलें नव्हतें, आणि तपासणाऱ्या डॉक्टरानें मरणाचें कारण मधुमेह असेंच लिहिलें होतें. तरी पुण्याच्या न्यायालयानें देहान्ताची शिक्षा दिली व उच्च न्यायालयानें ती कायम केली. १४ डिसेंबर १९५९ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या तिघां न्यायमूर्तींपैकीं दास व हिदायतुल्ला ह्यांनीं ठरविलें, कीं मागमूस न राहणारें विष कोणतें हें डॉक्टर जाणतो. म्हणून विष न मिळणें एवढ्यानेंच तो सुटूं शकत नाहीं. त्याचें आधींचें व मागाहूनचें वर्तनच त्याचा अपराध सिद्ध करितें. न्यायमूर्ति सरकार ह्यांस तें पटलें नाहीं. मरण विषानेंच आलें हें शाबीत झालें नाहीं, असें त्यांचें मत पडलें. दोघांचें मत चाललें व शिक्षा कायम राहिली. विषप्रयोगाच्या खटल्यांत ह्या निकालाचा दाखला आजहि वकील देतात.