नाइल किनिक : ‘पंट’च्या बळावर विजय राखणारा खेळाडू

अमेरिकन फुटबॉलमध्ये गुण मिळवणाऱ्याचा जयजयकार होतो; चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणारा ‘पंट’ सहसा कुणाच्या स्मरणात राहत नाही. आयोवा विद्यापीठाचे नाइल किनिक याला अपवाद ठरले.

या खेळात दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. तीन प्रयत्नांत ते साधले नाही, तर बहुधा चेंडू हातातून सोडून जमिनीला टेकण्याआधीच पायाने दूर टोलावला जातो. यालाच पंट म्हणतात. चेंडूचा ताबा जातो. मात्र प्रतिस्पर्ध्याला दुरून आक्रमण सुरू करावे लागते. त्या काळी या कामासाठी स्वतंत्र खेळाडू नसे. किनिक चेंडू घेऊन धावत, पास देत, बचाव करत आणि पंटही मारत.

किनिक यांचा जन्म ९ जुलै १९१८ रोजी आयोवा राज्यातील एडेल येथे झाला. विद्यापीठ संघातील त्यांच्या पहिल्या दोन हंगामांत आयोवाला प्रत्येकी एकच विजय मिळाला. १९३९ मध्ये प्रशिक्षक एडी अँडरसन यांनी मोजक्या खेळाडूंवर भिस्त ठेवून संघाचे रूप पालटले.

११ नोव्हेंबर १९३९ रोजी आयोवा सिटीत अपराजित नोत्र दाम संघाशी गाठ पडली. आयोवाचे सातही गुण किनिक यांनीच मिळवले. मात्र ७-६ अशी निसटती आघाडी टिकवली ती त्यांच्या पंटने. त्यांनी १६ वेळा मिळून ७३१ यार्ड, म्हणजे सुमारे ६६८ मीटर चेंडू टोलावला. अखेरच्या क्षणांतील ६३ यार्डांच्या पंटने नोत्र दामला स्वतःच्या गोलरेषेजवळ लोटले आणि आयोवाचा विजय निश्चित झाला.

त्याच वर्षी त्यांना महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च हाइझमन करंडक मिळाला. युरोपात युद्ध पेटले असताना आपल्याला रणांगणाऐवजी क्रीडांगण लाभले, याबद्दल त्यांनी करंडक स्वीकारताना कृतज्ञता व्यक्त केली. व्यावसायिक फुटबॉलकडे न वळता त्यांनी कायद्याच्या अभ्यासाला प्रारंभ केला. पुढे युद्धाची झळ अमेरिकेलाही पोहोचणार अशी चिन्हे दिसू लागली आणि ते नौदलाच्या हवाई दलात दाखल झाले.

२ जून १९४३ रोजी ‘लेक्सिंग्टन’ या विमानवाहू जहाजावरून सराव उड्डाण करत असताना त्यांच्या विमानातून तेलगळती सुरू झाली. व्हेनेझुएलानजीक पारियाच्या आखातात त्यांनी विमान पाण्यावर उतरवले. पण त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. मृत्यूसमयी ते अवघे २४ वर्षांचे होते.

ज्या मैदानावर त्यांनी ते १६ पंट मारले, त्याला १९७२ मध्ये किनिक स्टेडियम असे नाव देण्यात आले.