गुलामाने उभारलेली फौज

सैन्य म्हटले की तोफा, हत्ती आणि राजघराण्याचे नाव डोळ्यांपुढे येते. मलिक अंबर यांच्यापाशी सुरुवातीला यातले काहीच नव्हते. तरीही या माणसाने मोगलांसारख्या बलाढ्य सत्तेला पंचवीस वर्षे दख्खन गिळू दिले नाही. हे कसे घडले, याचा विचार आपण करणार की नाही?

१५४८ च्या सुमारास इथिओपियात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. बगदादच्या बाजारातून फिरत ते दख्खनमध्ये आले. तेथे निजामशाहीचे पेशवे चंगेजखान यांनी त्यांना विकत घेतले. हे चंगेजखान स्वतः एकेकाळी हबशी गुलाम होते. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळे झाले. काही काळ विजापूरची चाकरी करून ते जेमतेम दीडशे स्वारांनिशी निजामशाहीत परतले.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. राज्य संपले असे सर्वांनी गृहीत धरले. अंबर यांनी मात्र परांड्याला निजामशाही घराण्यातील मूर्तजाला गादीवर बसवले आणि फौज बांधायला घेतली. दहा वर्षांत तिच्यात सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी होते. घोडा नसलेल्या माणसालाही सरकारी घोडा मिळून तो बारगीर होऊ शकत असे. दूरदेशीचा गुलाम आणि इथला कुणबी एकाच निशाणाखाली लढू लागले.

पगार कुठून द्यायचा? त्यासाठी त्यांनी जमिनीची प्रतवारी करून सारा ठरवला आणि मक्त्याने वसुली करणाऱ्यांची मधली फळी मोडली. शेतकरी जगला तरच फौज जगेल, हे त्यांनी ओळखले होते. पण सत्य सांगायचे तर पूर्ण सांगितले पाहिजे. गावातील पिढीजात वतने त्यांनी तशीच ठेवली. फौजेचे दार उघडले, गावातली जन्मावरची उतरंड मात्र हलली नाही.

त्यांची लढण्याची रीत परिस्थितीतून आली होती. मोगलांचा तोफखाना जड, तळ अवाढव्य. म्हणून त्यांची दाणावैरण तोडायची, रात्री छापे घालायचे आणि डोंगरात पसार व्हायचे. १६१६ मध्ये रोषणगावला उघड्या मैदानात सामना झाला, तेव्हा अंबर हरले. मोगलांनी त्यांचे खडकी शहर बेचिराख केले. याच खडकीचे पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झाले.

या पराभवातून ते शिकले. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर एकत्र चालून आले. अंबर यांनी भातवडीच्या तलावाचा बांध फोडून पाणी सोडले. शत्रूच्या तोफा चिखलात रुतल्या. उपासमार आणि रात्रीचे छापे यांनी तळ खचला, शिपाई फुटून अंबर यांच्याकडे येऊ लागले. मग त्यांनी समोरासमोर हल्ला चढवला आणि निर्णायक विजय मिळवला. या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. आधी गनिमी कावा, नंतर मैदानी लढाई: या दोन्हींची एकाच मोहिमेत सांगड घालणारा हा सेनापती होता.

१६२६ मध्ये अंबर यांचे निधन झाले. त्यांची कबर खुलताबादला आहे. पुत्र फत्तेखान यांना ती घडी सांभाळता आली नाही. अवघ्या सात वर्षांत, १६३३ मध्ये, दौलताबाद मोगलांच्या हाती गेले.

माझ्यासारख्या वकिलाला हा शेवट अधिक बोचतो. सगळी फौज एका माणसाच्या बुद्धीवर आणि शब्दावर उभी होती. तो नसताना कोणी, कोणत्या नियमाने निर्णय घ्यायचा, याची व्यवस्था झालीच नाही. उद्याच्या लढाईची तयारी करायची तर शस्त्रांच्या यादीआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. भरतीचे दार कोणाला उघडे आहे? खर्चाचा भार कोणाच्या पाठीवर आहे? आणि नेता गेल्यावर काय उरणार आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मलिक अंबर यांनी आपल्या काळाच्या मानाने मोठ्या धाडसाने दिली. तिसरे उत्तर राहून गेले आणि राज्य बुडाले. चळवळ चालवणाऱ्यांनीही हा तिसरा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.