राणीने फक्त दोरी ओढली: व्हिटवर्थची रायफल आणि स्टँडची कमाल

रात्रीचा फोटो हातात फोन धरून काढला तर हलतो. तोच फोन ट्रायपॉडवर ठेवला की फोटो चकाचक येतो. मग दोष कॅमेऱ्याचा की हाताचा? रायफलबाबत हाच प्रश्न जोसेफ व्हिटवर्थला पडला होता.

जन्म 1803, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. मँचेस्टरला कारखाना. स्क्रूच्या आट्यांचं एकच माप असावं हा प्रस्ताव त्याने 1841 मध्ये मांडला. मला हा माणूस आवडतो तो त्याच्या मोजण्याच्या वेडासाठी. इंचाचा दहा लाखावा भाग दाखवणारं यंत्र त्याने बनवलं होतं!

1854 मध्ये सरकारला एनफिल्ड रायफल बनवायची यंत्रं हवी होती. (हो, तीच एनफिल्ड, जिच्या काडतुसांवरून 1857 चा उठाव पेटला.) व्हिटवर्थचा हट्ट असा, की आधी नळी कशी हवी ते तपासू. त्यासाठी घराजवळ 500 यार्डांची बंदिस्त गॅलरी उभारली, म्हणजे वाऱ्याची कटकट नको. मध्ये पातळ कागदाचे पडदे. छिद्रांवरून गोळीची वाट कळायची. त्यातून आली षटकोनी नळीची रायफल. 1857 च्या चाचणीत 500 यार्डांवर एनफिल्डची गोळी सरासरी सव्वादोन फूट चुकली, याची साधारण साडेचार इंच.

आता हाताचं बघू. 400 यार्डांवर नळी एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी हलली, तरी गोळी 4 इंच सरकते. तेवढं तर श्वासानेही हलतं. म्हणून दस्ता महत्त्वाचा: तो खांद्यात नीट बसला आणि गाल दरवेळी त्याच जागी टेकला, तर डोळा नेमाच्या रेषेत राहतो. तरी माणूस तो माणूसच.

2 जुलै 1860, विम्बल्डन. व्हिटवर्थची रायफल यांत्रिक स्टँडवर घट्ट बसवलेली, 400 यार्डांवर नेम आधीच लावलेला. व्हिक्टोरिया राणीने ट्रिगरला बांधलेली रेशमी दोरी ओढली, आणि गोळी मध्यापासून दीड इंचाच्या आत! यात राणीची नेमबाजी शून्य, पण नळी किती खरी आहे ते सगळ्यांनी पाहिलं.

सैन्याने मात्र ही रायफल नाकारली. महाग होती, अरुंद नळीत काजळी लवकर साचायची. मला ते चुकीचं वाटत नाही; शिपायाला लढाईत असा स्टँड कोण देणार? अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्यांनी काही रायफली मिळवल्या, त्याही निवडक नेमबाजांनाच दिल्या.

व्हिटवर्थ 1887 मध्ये मॉन्टे कार्लोला वारला. त्याच्या मापाचे नट-बोल्ट जुन्या ब्रिटिश मशिनींत अजूनही सापडतात.