हॉवर्ड हॉक्स

हॉवर्ड विंचेस्टर हॉक्स (जन्म : ३० मे १८९६, गोशेन, इंडियाना, मृत्यू : २६ डिसेंबर १९७७, पाम स्प्रिंग्स, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन चित्रपट दिग्दर्शक, निर्माते व पटकथाकार होते. मूकपटांच्या अखेरच्या पर्वापासून १९७० पर्यंतच्या कारकिर्दीत त्यांनी गुन्हेगारीपट, युद्धपट, विनोदी चित्रपट, रहस्यपट, संगीतप्रधान चित्रपट आणि वेस्टर्न असे अनेक प्रकार हाताळले. 'स्कारफेस' (१९३२), 'ब्रिंगिंग अप बेबी' (१९३८), 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०), 'द बिग स्लीप' (१९४६), 'रेड रिव्हर' (१९४८) आणि 'रिओ ब्राव्हो' (१९५९) हे त्यांचे विशेष गाजलेले चित्रपट होत. गुरांचे खिल्लार विक्रीसाठी दूरदेशी नेण्याचा प्रवास आणि त्या प्रवासात मानलेल्या पितापुत्रांत पडलेली फूट यांवर आधारलेला 'रेड रिव्हर' हा त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

पूर्वायुष्य

हॉक्स यांचे वडील फ्रँक हॉक्स हे कागद उद्योगात होते, तर आई हेलन हॉवर्ड ही विस्कॉन्सिनमधील एका धनाढ्य उद्योजकाची कन्या होती. पाच भावंडांत हॉवर्ड सर्वांत थोरले. त्यांच्या जन्मानंतर काही काळातच कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातील नीना या गावी गेले व पुढे कॅलिफोर्नियातील पॅसाडिना येथे स्थायिक झाले. हॉवर्ड यांचे काही शिक्षण फिलिप्स एक्झिटर अकादमीत झाले. त्यानंतर त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचा अभ्यास केला. मोटारी आणि विमाने यांचा त्यांना तरुणपणापासून नाद होता. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या हवाई विभागात दाखल झाले आणि वैमानिकांना प्रशिक्षण देण्याचे काम त्यांनी केले. यंत्रावरील हुकमत, धोक्याशी रोजची गाठ आणि सहकाऱ्यावरील विश्वास हे त्यांच्या चित्रपटांत पुन्हापुन्हा येणारे विषय या अनुभवातून आलेले दिसतात.

चित्रपटसृष्टीत प्रवेश

महाविद्यालयाच्या सुट्टीत हॉक्स यांनी हॉलिवुडमध्ये चित्रीकरणाच्या साहित्याची जुळवाजुळव करणारा मदतनीस म्हणून काम केले होते. युद्धानंतर कथाविभाग, संकलन, निर्मिती अशी निरनिराळी कामे करत ते फॉक्स कंपनीत पोहोचले. 'द रोड टू ग्लोरी' (१९२६) हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट होय. 'अ गर्ल इन एव्हरी पोर्ट' (१९२८) या मूकपटात दोन पुरुषांमधील मैत्री हा त्यांचा आवडता विषय प्रथम ठळकपणे दिसला.

त्यांचे धाकटे बंधू केनेथ हेही दिग्दर्शक होते. २ जानेवारी १९३० रोजी एका चित्रपटाच्या हवाई दृश्यांचे चित्रीकरण चालू असताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ दोन विमानांची टक्कर झाली. या अपघातात केनेथ यांच्यासह दहा जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी हॉवर्ड यांचा पहिला पूर्ण बोलपट 'द डॉन पट्रोल' प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धातील वैमानिकांच्या या कथेत रोज काही साथीदार परत येत नाहीत आणि उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा आकाशात जावे लागते. पुढे 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' (१९३९) मध्येही दक्षिण अमेरिकेतील टपाल वाहून नेणारे वैमानिक सहकाऱ्याच्या मृत्यूचे दुःख शब्दांत मांडत नाहीत. हॉक्स यांनी स्वतःच्या शोकाविषयी जाहीरपणे फारसे सांगितले नाही. तथापि या दोन चित्रपटांतील संयत दुःखाचा संबंध अनेक अभ्यासक बंधूच्या मृत्यूशी जोडतात.

बोलपटांचा काळ

उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांच्यासाठी हॉक्स यांनी 'स्कारफेस' दिग्दर्शित केला. शिकागोतील टोळीयुद्धांवर बेतलेल्या या चित्रपटातील हिंसाचाराला चित्रपट नियंत्रकांनी तीव्र आक्षेप घेतला. त्यामुळे काही दृश्ये बदलावी लागली, बोधपर भाग जोडावा लागला आणि प्रदर्शन लांबले. १९३२ मध्ये तो प्रदर्शित झाल्यावर या प्रकारातील आदर्श चित्रपटांत त्याची गणना झाली.

'ट्वेंटिएथ सेंच्युरी' (१९३४) पासून हॉक्स विनोदाकडेही वळले. कॅथरीन हेपबर्न व कॅरी ग्रँट यांचा 'ब्रिंगिंग अप बेबी' आज अभिजात मानला जातो. परंतु त्या वेळी त्याला अपेक्षित यश मिळाले नाही. त्यानंतर आरकेओ कंपनीने 'गंगा दीन' या चित्रपटाचे काम हॉक्स यांच्याकडून काढून जॉर्ज स्टीव्हन्स यांच्याकडे सोपवले. भारताच्या वायव्य सरहद्दीवर घडणारा हा साम्राज्यवादी वळणाचा चित्रपट १९३९ मध्ये आला आणि भारतात झालेल्या विरोधामुळे मुंबई व बंगाल प्रांतांत त्यावर बंदी आली.

'हिज गर्ल फ्रायडे' हा चित्रपट एका यशस्वी नाटकावर आधारलेला होता. मूळ नाटकातील पुरुष वार्ताहर हॉक्स यांनी स्त्री केला आणि संपादकाची घटस्फोटित पत्नी म्हणून तिला उभे केले. पात्रे एकमेकांचे बोलणे तोडत विलक्षण वेगाने बोलतात हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य आहे. 'सार्जंट यॉर्क' (१९४१) साठी गॅरी कूपर यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. याच चित्रपटासाठी हॉक्स यांना दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले. त्यांच्या कारकिर्दीतील दिग्दर्शनाचे हे एकमेव नामांकन होय. तो पुरस्कार मात्र जॉन फोर्ड यांना मिळाला. 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९४४) द्वारे त्यांनी लॉरेन बकॉल यांना प्रथम पडद्यावर आणले. कादंबरीकार विल्यम फॉकनर यांनी या व अन्य चित्रपटांच्या लेखनात त्यांना साहाय्य केले.

रेड रिव्हर

निर्मिती : मोठ्या कंपन्यांच्या बंधनातून मुक्त होऊन स्वतःच्या चित्रपटाचे मालक व्हावे, या हेतूने हॉक्स यांनी मॉन्टेरे प्रॉडक्शन्स ही संस्था काढली. बॉर्डन चेस यांच्या कथेवर चेस व चार्ल्स श्नी यांनी पटकथा लिहिली. छायाचित्रण रसेल हार्लन यांचे, संगीत दिमित्री टिओम्किन यांचे व संकलन क्रिश्चियन नायबी यांचे होते. १९४६ मध्ये अ‍ॅरिझोना राज्यात मुख्य चित्रीकरण झाले. खरी गुरे, उघडे रान आणि लहरी हवामान यांमुळे काम लांबले व खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला. सहदिग्दर्शक म्हणून आर्थर रॉसन यांचे नाव श्रेयनामावलीत आहे. आर्थिक व कायदेशीर अडचणींतून वाट काढत चित्रपट १९४८ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्समार्फत प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी त्याचे उत्तम स्वागत केले. परंतु वाढलेल्या खर्चामुळे या यशाचा आर्थिक लाभ हॉक्स यांच्या हाती फारसा आला नाही आणि स्वतंत्र निर्मितीचा त्यांचा प्रयोग पुढे टिकला नाही.

कथानक : १८५१ मध्ये थॉमस डनसन (जॉन वेन) पश्चिमेकडे निघालेला तांडा सोडून टेक्ससकडे वळतो. बरोबर येऊ पाहणाऱ्या प्रेयसीला तो नकार देतो आणि आईचे कंकण तिच्या हाती देऊन निरोप घेतो. त्यानंतर कोमांची योद्ध्यांच्या हल्ल्यात तांडा नष्ट होतो आणि ती मारली जाते. वाचलेला एक पोरका मुलगा, मॅथ्यू गार्थ, आपली गाय घेऊन डनसनला भेटतो. डनसनचा वळू आणि मॅथ्यूची गाय यांतून पुढचे मोठे खिल्लार उभे राहते. जमीन मात्र डनसन बंदुकीच्या बळावर मिळवतो.

१४ वर्षांनंतर यादवी युद्ध संपलेले असते. टेक्ससमध्ये गुरे उदंड, पण गिऱ्हाईक नाही. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असलेला डनसन हजारो गुरे मिझुरीकडे नेण्याचे ठरवतो. प्रवासात एका गड्याने चोरून साखर खाताना भांडी पाडल्याने गुरे उधळतात व एक तरुण चिरडला जातो. डनसन दिवसेंदिवस कठोर होत जातो. पळून गेलेल्या गड्यांना पकडून आणल्यावर तो त्यांना फाशी देऊ पाहतो, तेव्हा मॅथ्यू (मॉन्टगोमेरी क्लिफ्ट) त्याला विरोध करतो, खिल्लाराचा ताबा घेतो आणि रेल्वे पोहोचल्याच्या वार्तेवर विसंबून कॅन्ससमधील अ‍ॅबिलीनचा रस्ता धरतो. मागे राहिलेला डनसन त्याला ठार मारण्याची प्रतिज्ञा करतो. अ‍ॅबिलीनमध्ये गुरांना चांगला भाव मिळतो. डनसन तेथे येतो, पण मॅथ्यू त्याच्यावर शस्त्र उगारत नाही. दोघांची हातघाईची मारामारी मॅथ्यूवर प्रेम करणारी टेस (जोअ‍ॅन ड्रू) थांबवते. यापुढे गुरांवरील डागात मॅथ्यूचेही अक्षर असेल, असे डनसन जाहीर करतो.

संघर्षाचे स्वरूप : डनसन हा खलनायक नाही. त्याच्या ज्या जिद्दीतून माळरानावर खिल्लार उभे राहिले, तीच जिद्द संकटात जुलमाचे रूप घेते. मॅथ्यूचे बंड त्याच्या द्वेषातून उपजत नाही. डनसनने उभे केलेले सर्व काही वाचवायचे असेल तर त्याचीच आज्ञा मोडली पाहिजे, हा त्याच्यापुढील पेच आहे. गुरे पोहोचली नाहीत तर दोघांचेही आयुष्य मातीमोल होणार असते. त्यामुळे घरातील हा कलह केवळ भावनिक राहत नाही. अधिकार कष्टाने मिळतो की न्यायाने टिकतो, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. ग्रूट (वॉल्टर ब्रेनन) हा डनसनचा जुना सोबती शेवटी मॅथ्यूच्या बाजूने जातो, यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते.

इतिहास व कल्पना : टेक्ससमधून उत्तरेकडे गुरे नेणाऱ्या चिशोम मार्गाची पार्श्वभूमी ऐतिहासिक आहे. यादवी युद्धानंतर टेक्ससमध्ये गुरांचे भाव कोसळले होते आणि उत्तरेकडील शहरांत मांसाला मोठी मागणी होती. टेक्ससच्या गुरांबरोबर येणाऱ्या गोचीडजन्य तापाच्या भीतीने मिझुरीतील शेतकरी त्यांना अडवत. व्यापारी जोसेफ मॅकॉय यांनी १८६७ मध्ये अ‍ॅबिलीन येथे रेल्वेलगत गुरांचे आवार उभारल्यावर हा व्यापार भरभराटीस आला. चित्रपटात हा प्रवास त्याआधीच घडतो. त्यातील पात्रे काल्पनिक असून मूळ रहिवाशांचे चित्रण त्या काळातील हॉलिवुडच्या एकांगी दृष्टीचे आहे.

शेवटाविषयी वाद : मूळ कथेत डनसनचा अंत होतो; हॉक्स यांनी मात्र समेट घडवला. चेस यांना हा बदल रुचला नाही. दोन तासांहून अधिक काळ वाढत गेलेले वैर काही क्षणांत मिटते, असा आक्षेप समीक्षकही घेत आले आहेत. याउलट, मॅथ्यूला मारणे डनसनला कधीच शक्य नव्हते आणि टेस केवळ ते सत्य उघड करते, असे समर्थनही केले जाते. ह्यूज यांनी शेवटच्या प्रसंगाचे आपल्या 'द आउटलॉ' या चित्रपटाशी साम्य असल्याचा दावा केल्यामुळे त्यात काटछाट करावी लागली. हस्तलिखित पानांमधून कथा पुढे नेणारी आणि ग्रूटच्या निवेदनातून सांगणारी अशा या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या उपलब्ध आहेत.

प्रभाव : मूळ कथा व संकलन यांसाठी चित्रपटाला ऑस्कर नामांकने मिळाली. क्लिफ्ट यांनी काम केलेला हा पहिला चित्रपट असला, तरी नंतर चित्रित झालेला 'द सर्च' आधी प्रदर्शित झाला. चाळिशीच्या आतील वेन यांनी येथे प्रौढ व कटू वृत्तीचा माणूस साकारला, त्यामुळे त्यांच्या अभिनयक्षमतेकडे नव्याने लक्ष वेधले गेले. १९९० मध्ये चित्रपटाची निवड अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत झाली. पीटर बोग्दानोविच यांच्या 'द लास्ट पिक्चर शो' (१९७१) मध्ये गावातील बंद पडणाऱ्या चित्रपटगृहात दाखवला जाणारा शेवटचा चित्रपट 'रेड रिव्हर' हाच आहे.

उत्तरकाळ

'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स' (१९५३) यशस्वी ठरला. परंतु प्राचीन इजिप्तवरील 'लँड ऑफ द फेरोज' (१९५५) अपयशी झाला. त्यानंतर हॉक्स काही वर्षे युरोपात राहिले. 'रिओ ब्राव्हो' द्वारे त्यांनी पुनरागमन केले. 'हाय नून' (१९५२) मधील नगररक्षक सामान्य नागरिकांकडे मदत मागत फिरतो, ही कल्पना त्यांना पटली नव्हती. 'रिओ ब्राव्हो' हे त्यास दिलेले उत्तर मानले जाते. आफ्रिकेत चित्रित झालेला 'हटारी!' (१९६२) आणि 'एल डोराडो' हे नंतरचे उल्लेखनीय चित्रपट. 'रिओ लोबो' (१९७०) हा त्यांचा अखेरचा चित्रपट होय.

शैली

हॉक्स कॅमेरा बहुधा डोळ्यांच्या पातळीवर ठेवत आणि दिग्दर्शकाचे अस्तित्व जाणवू देत नसत. आपापल्या कामात निष्णात असलेल्या लोकांचा गट, बाहेरून आलेल्याने त्या गटाचा विश्वास मिळवणे आणि पुरुषांच्या बरोबरीने बोलणारी, स्वतः पुढाकार घेणारी स्त्री ही त्यांच्या चित्रपटांतील समान सूत्रे आहेत. या साधेपणामुळेच अमेरिकेत त्यांना दीर्घकाळ केवळ कुशल कारागीर समजले गेले. १९५३ मध्ये 'काहिए द्यू सिनेमा' या फ्रेंच नियतकालिकात जॅक रिवेट यांनी त्यांच्या प्रतिभेचा गौरव केला. पुढे अँड्रू सॅरिस, बोग्दानोविच आणि रॉबिन वुड यांच्या लेखनातून इंग्रजीभाषक जगातही त्यांचे स्थान दृढ झाले. हॉक्स यांनी मुलाखतींत सांगितलेल्या आठवणी रंजक असल्या, तरी स्वतःचे श्रेय वाढवून सांगण्याची त्यांची सवय लक्षात घेऊन अभ्यासक त्या सावधपणे वापरतात.

वैयक्तिक जीवन

हॉक्स यांनी अ‍ॅथोल शिअरर, नॅन्सी ग्रॉस आणि डी हार्टफर्ड यांच्याशी विवाह केले. तिन्ही विवाह घटस्फोटात संपले. बकॉल यांचे मासिकाच्या मुखपृष्ठावरील छायाचित्र पाहून त्यांचे नाव सुचवणाऱ्या नॅन्सी ग्रॉसच होत.

सन्मान व मृत्यू

स्पर्धात्मक ऑस्कर न मिळालेल्या हॉक्स यांना १९७५ च्या समारंभात मानद ऑस्कर प्रदान करण्यात आले. त्यांना तो पुरस्कार देण्यासाठी 'रेड रिव्हर'चे नायक जॉन वेन मंचावर उपस्थित होते. डिसेंबर १९७७ मध्ये घरात पडल्यामुळे हॉक्स जखमी झाले आणि त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे २६ डिसेंबर रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.