टीमला बाळूंची बॉलिंग हवी होती, पण त्यांना कपात चहा द्यायचा नव्हता. गोष्ट पळवणकर बाळूंची

चर्नी रोडवरून मरीन ड्राइव्हने चर्चगेटकडे चालत निघालात तर उजवीकडे समुद्र आणि डावीकडे ओळीने जिमखाने दिसतात. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. मैदानं जवळजवळ एकमेकांना खेटून, पण नावं मात्र धर्माप्रमाणे वेगळी.

आज तिथे लग्नाची रिसेप्शन होतात, शाळेची पोरं नेट प्रॅक्टिस करतात. पण सव्वाशे वर्षांपूर्वी हे जिमखाने म्हणजे मुंबईतल्या चुरशीचे अड्डे होते. आणि या चुरशीत ज्या माणसाच्या डावखुऱ्या फिरकीने साहेबाची दांडी उडवली, तो माणूस होता पळवणकर बाळू.

लगानमधला कचरा आठवतोय? गावाने लांब ठेवलेला, पण बॉल वळवणारा. तो पिक्चर बघून अनेकांना बाळूच आठवतात. फरक एवढाच की, बाळूंची गोष्ट खरी आहे आणि ती एका मॅचमध्ये संपत नाही.

आधी मुंबईतलं वातावरण समजून घेऊ.

मुंबईत साहेबांचा बॉम्बे जिमखाना सुरू झाला १८७५ साली. तिथे भारतीयांना मेंबर व्हायची परवानगी नव्हती. मुंबईत क्रिकेट सगळ्यात आधी उचललं ते पारशांनी, मग हिंदूंनी आणि मुसलमानांनी. ही सगळी पोरं फोर्टाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर खेळायची. पण साहेब लोक तिथेच घोडे घेऊन पोलो खेळायला यायचे. घोड्यांच्या टापांनी पीचची पार वाट लागायची. १८८१ साली क्रिकेट खेळणाऱ्यांनी सरकारकडे याविरोधात अर्ज केला. एका मैदानासाठीचं हे भांडण पुढे बरीच वर्षं चाललं.

शेवटी सरकारने समुद्राच्या बाजूला जागा दिल्या, पण त्या धर्मवार. पारशी जिमखाना १८८५ चा, इस्लाम जिमखाना १८९२ चा आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखाना १८९४ चा.

त्यातही हिंदू म्हणजे एकच टीम होती असं नाही. मुंबईत गौड सारस्वतांचा क्लब वेगळा, क्षत्रियांचा वेगळा, गुजरात्यांचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा. ज्या वस्तीत, ज्या जातीत राहता त्या क्लबात खेळायचं असा साधा हिशोब.

आता अशा शहरात चर्मकार समाजातल्या पोराने कुठे खेळायचं?

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब पुण्यात आलं. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर क्रिकेट शिकले. घरची परिस्थिती बेताची होती, त्यामुळे शाळा सुटली आणि बाळूंना पहिलं काम मिळालं ते पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबमध्ये. काम काय? पीच झाडायचं, रोलर फिरवायचा. पगार महिना ३ रुपये.

तिथून ते साहेबांच्या पूना क्लबमध्ये गेले. पगार झाला ४ रुपये. काम वाढलं. आता पीच तयार करायचं, नेट बांधायचं आणि साहेब प्रॅक्टिसला आले की त्यांना बॉल टाकायचे.

या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा इंग्रज अधिकारी होता. त्या काळात भारतात खेळणाऱ्या गोऱ्यांमधला सगळ्यात भारी बॅट्समन. तो इतर लोक यायच्या आधी मैदानावर हजर व्हायचा आणि तासन्‌तास बाळूंच्या बॉलिंगवर खेळायचा. असं सांगतात की, बाळूंनी आउट केलं की ग्रेग दर वेळी ८ आणे द्यायचा. ही गोष्ट खरी असो नसो, बाळूंचा हात याच नेटमध्ये तयार झाला. एका जागेवर टप्पा ठेवायचा, कधी हवेत बॉल सोडायचा, कधी सरळ आत आणायचा, हे सगळं ते इथेच शिकले.

पण या क्लबने बाळूंच्या हातात बॅट कधी दिली नाही. बॉलिंग म्हणजे अंगमेहनत, ती नोकराने करायची. बॅटिंग म्हणजे साहेबी काम. हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे.

इकडे पुण्यातल्या हिंदूंची टीम साहेबांच्या टीमला हरवायला निघाली होती. साहेबांच्या सगळ्यात भारी बॅट्समनला रोज बॉलिंग टाकणारा माणूस आपल्याच गावात आहे हे त्यांना कळलं आणि वाद सुरू झाला. टीममध्ये ब्राह्मण खेळाडू जास्त. काहींनी विरोध केला, काहींनी बाजू घेतली. शेवटी जिंकायचं होतं, त्यामुळे बाळू टीममध्ये आले.

आले, पण कसे?

मैदानात सगळे एकच बॉल हाताळायचे. बाळूंनी टाकलेला बॉल फिल्डर पकडायचा, परत त्यांच्याकडे फेकायचा, तेव्हा विटाळ होत नव्हता. पण चहाची वेळ झाली की टीम पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा प्यायची आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. तोंड धुवायचं असेल तर त्यांच्यासारखाच अस्पृश्य नोकर पाणी आणून द्यायचा. जेवणाचं ताट वेगळं, टेबल वेगळं.

बाळू मात्र विकेट काढत राहिले. पूना क्लबचे साहेब हरले, साताऱ्याचे साहेबही हरले. या विजयांनंतर न्यायमूर्ती रानडेंनी जाहीर कार्यक्रमात बाळूंना हार घातला. ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत जेवायला काय हरकत आहे, हा त्यांचा खेळाडूंना सवाल होता. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचं जाहीर कौतुक केलं.

१८९६ च्या आसपास बाळू मुंबईत आले. तेव्हा प्लेगने धुमाकूळ घातला होता. मुंबईत त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या टीमकडून ते खेळायला लागले.

नव्या हिंदू जिमखान्याला चांगल्या बॉलरची गरज होतीच. इथेही काही मेंबरांनी कुरकुर केली, पण कॅप्टन कीर्तिकर बाळूंसाठी अडून बसले आणि बाळूंची एन्ट्री झाली. पुण्यापेक्षा मुंबई थोडी बरी निघाली. इथे जिमखान्याच्या कॅफेत टीमसोबत बसून खाता यायला लागलं.

आता येतो १९०६ चा फेब्रुवारी. हिंदू विरुद्ध युरोपियन, ठिकाण बॉम्बे जिमखाना. म्हणजे जिथे भारतीय माणूस मेंबर होऊ शकत नव्हता तेच मैदान.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ केल्या. युरोपियन १९१ वर आटोपले. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. म्हणजे साहेबांना जिंकायला २१२ पाहिजे होत्या. ते १०२ मध्ये गुंडाळले गेले. हिंदू १०९ रनांनी जिंकले. साहेबांना गुंडाळण्यात बाळूंचा वाटा मोठा होता आणि भाऊ शिवरामही याच टीममध्ये होते.

वंगभंगाच्या चळवळीचे ते दिवस. त्यामुळे हा निकाल नुसता खेळाच्या पानापुरता राहिला नाही. इंडियन सोशल रिफॉर्मरसारख्या सुधारकांच्या पत्राने तर यातून वेगळाच मुद्दा काढला. बाळूंना सोबत घेतलं म्हणून हा दिवस दिसला, मग हीच गोष्ट मैदानाबाहेर करायला कुणी अडवलंय?

पुढच्या वर्षापासून पारशी, हिंदू आणि युरोपियन अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ ला मुसलमानांची टीम आली आणि ती चौरंगी झाली. या मॅचेस म्हणजे त्या काळची आयपीएलच. मैदानाभोवती तंबू लागायचे, ज्यांना तिकीट परवडायचं नाही ते झाडावर चढून बसायचे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कॅप्टनशिपखाली सगळ्या धर्मांची मिळून पहिली ऑल इंडिया टीम इंग्लंडला गेली. टीमची कामगिरी सुमार झाली. २३ मॅचेसपैकी फक्त ६ जिंकल्या. पण बाळूंनी एकट्याने दौऱ्यावर ११४ विकेट काढल्या. वय होतं ३५. ज्या देशाच्या साहेबाने कधी बॅट हातात दिली नाही, त्या देशात जाऊन त्यांनी हे करून दाखवलं.

परत आल्यावर मुंबईत त्यांच्या समाजाने सत्कार केला. त्या काळी कॉलेजात शिकणारा एक तरुण बाळूंचा मोठा चाहता होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

एवढं सगळं झाल्यावर बाळू हिंदूंच्या टीमचे कॅप्टन व्हायला हवे होते. सगळ्यात सीनियर तेच आणि सगळ्यात जास्त विकेटही त्यांच्याच. १९१० पासून दर वर्षी हा विषय निघायचा आणि दर वर्षी दुसऱ्याच कुणाची निवड व्हायची. १९१३ साली कॅप्टन झालेल्या एम. डी. पै यांनी तर आपल्या सत्कारातच सांगून टाकलं की, हा मान खरंतर बाळूंचा होता.

एव्हाना घरातले आणखी दोन भाऊ टीममध्ये आले होते. गणपत आणि विठ्ठल. विठ्ठल तर त्या काळच्या सगळ्यात चांगल्या बॅट्समनपैकी एक.

१९२० साली मात्र कडेलोट झाला. पै आजारी पडले. आता कॅप्टन पळवणकरांपैकी कुणीतरी होईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण निवड समितीने पुण्याच्या दि. ब. देवधरांना कॅप्टन केलं आणि बाळूंना तर टीममधूनच वगळलं. देवधर चांगले खेळाडू होते, यात वाद नाही. पण विठ्ठल त्यांना सीनियर होते. मग डावललं का, याचं उत्तर अख्ख्या मुंबईला माहीत होतं.

विठ्ठल आणि शिवराम यांनी थेट माघार घेतली आणि जाहीर पत्रक काढलं. आमच्यावर हा अन्याय आमच्या जातीमुळे होतोय, हे त्यात सरळ मांडलं. मुंबईत यावरून जोरदार चर्चा झाली आणि लोक पळवणकरांच्या बाजूने उभे राहिले.

समितीला नमतं घ्यावं लागलं. पारशांविरुद्धच्या फायनलला पै परत आले, बाळूंना व्हाइस कॅप्टन केलं गेलं आणि भाऊ परत खेळायला आले. मॅचमध्ये पै मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ टीम बाळूंनी सांभाळली. वय चव्वेचाळीसच्या घरात. बाळूंच्या वाट्याला जी काही कॅप्टनशिप आली ती एवढीच.

पण लढाई वाया गेली नाही. १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदूंचे कॅप्टन झाले. फायनलमध्ये युरोपियन हरले आणि लोकांनी विठ्ठलला खांद्यावर घेतलं. विठ्ठल यांच्या कॅप्टनशिपमध्ये चार वर्षांत हिंदूंनी तीनदा स्पर्धा जिंकली. मोठ्या भावाला जे मिळालं नाही ते धाकट्याने मिळवलं.

आता ते लक्षात ठेवायला सांगितलेलं नाव.

खेळ थांबल्यावर बाळू समाजकारणात उतरले. सवर्ण हिंदूंचं मन बदलेल, त्यांच्यासोबत राहूनच प्रश्न सुटेल, असं त्यांचं मत होतं. स्वतंत्र मतदारसंघ त्यांना मान्य नव्हते. १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांची सही आहे, तशी पी. बाळूंचीही आहे. १९३५ साली बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी विरोध केला.

१९३७ ला मुंबई विधानसभेची निवडणूक लागली. बाबासाहेब भायखळा-परळ भागातून उभे राहिले. गिरणी कामगारांच्या चाळींचा हा पट्टा. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळूंना उतरवलं. ज्याचं कौतुक करत बाबासाहेब मोठे झाले, तेच आता समोर होते. निकाल लागला. बाबासाहेबांना १३,२४५ मतं आणि बाळूंना ११,२२५. फरक फक्त दोन हजारांचा.

दोघांनाही अस्पृश्यता संपवायची होती. एकाने आयुष्यभर टीममध्ये राहून जागा मिळवायचा प्रयत्न केला, दुसऱ्याने ती टीमच सोडायचा निर्णय घेतला. १९२० चं पत्रक बघितलं, तर टीममध्ये राहणाऱ्याचाही संयम कधीतरी सुटला होता हे दिसतं.

पुढे धर्मावर आधारलेल्या या स्पर्धेवर टीका वाढली. गांधीजींनीही विरोध केला आणि १९४६ नंतर ती कायमची बंद झाली. जिमखान्यांची नावं तेवढी राहिली.

जुलै १९५५ मध्ये बाळू मुंबईत गेले. फर्स्ट क्लासचा त्यांचा हिशोब आहे ३३ मॅचेस, १७९ विकेट आणि सरासरी १५.२१. भारत पहिली टेस्ट खेळला तो १९३२ साली, तेव्हा बाळूंनी पन्नाशी ओलांडली होती. त्यामुळे टेस्ट खेळाडूंच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही आणि भारताच्या पहिल्या मोठ्या बॉलरबद्दल शाळेतल्या पोरांना काही ठाऊक नसतं. पुढच्या वेळी ग्रुपवर ऑल टाइम बेस्ट भारतीय स्पिनर कोण यावरून वाद पेटला, की यादीची सुरुवात पळवणकर बाळूंपासून करा.